इराण्याचा सोमवार आणि बंद पडलेली मजलस

मी एक जुना समोवार आहे. मित्रांनो, हे नाव तुम्ही ऐकले नसेल तर ओशाळू नका. लोणावळ्यात चाळीस वर्षे राहूनही ते मी एकाच्याही तोंडून धड ऐकलेले नाही. समोवार म्हणजे चहाचे पाणी तापवायचे पितळी भांडे. पोटात उभी नळी, नळीत निखारे, नळीभोवती पाणी आणि खाली तोटी. तुमच्या घरी आंघोळीचा बंब असेल, त्याचा मी परदेशात वाढलेला चुलतभाऊ समजा. फरक इतकाच की बंबाला कुणी टेबलावर बसवत नाही.

माझा जन्म रशियातल्या तुला नावाच्या गावी झाला. ‘गाव कुठले?’ या प्रश्नाला ‘तुला’ असे उत्तर दिले की मराठी माणूस चक्रावतो, म्हणून मी ते फारसे सांगत नाही. तिथे एका कारागिराने माझे पोट ठोकले, दुसऱ्याने तोटी बसवली आणि तिसऱ्याने छातीवर दोन तोंडांच्या गरुडाचा शिक्का मारला. तो रशियाच्या बादशहाचा शिक्का. मला त्याचा भारी तोरा होता. पुढे त्याच शिक्क्याने माझी अब्रू घालवली, ते सांगतोच.

तुलाहून मी उंटाच्या पाठीवर लादून इराणातल्या यज्द गावी आलो. तिथल्या एका घरात दोन भाऊ माझ्याभोवती वाढले. थोरला मेहेरबान, धाकटा शेरियार. थोरल्याला धंद्याचे वेड, धाकट्याला लिहिण्याचे. मेहेरबानने मला घोंगडीत गुंडाळले, बोटीने मुंबई गाठली आणि तिथून लोणावळा. घाट चढून आलेली गाडी इथे दम खाते, आणि दम खाणाऱ्या माणसाला चहा लागतो, एवढे त्याने पहिल्याच दिवशी ओळखले. स्टेशनसमोर दुकान निघाले आणि मी मधल्या टेबलावर विराजमान झालो.

गिऱ्हाइके म्हणजे रेल्वेच्या कारखान्यातले फिटर, टांगेवाले आणि गाडी चुकलेले लोक. त्यांनी पहिल्या आठवड्यात माझे बारसे केले. समोवारचा झाला सोमवार! ‘इराण्याचा सोमवार’ म्हणून मी वडगावपर्यंत ठाऊक झालो. शुक्रवारी लोक म्हणत, “चला, सोमवार तापला असंल.” एका फिटरला सोमवारचा कडक उपास असे. त्याने बरेच दिवस विचार करून ठरवले की सोमवारी सोमवारचा चहा घेतला तर उपास मोडत नाही, उलट दुप्पट लागू पडतो. छातीवरचा गरुड पाहून काही जण हातही जोडत. देवळाच्या कमानीवर गंडभेरुंड असतो, तोच हा, असे त्यांचे मत. मी ते खोडून काढले नाही. नमस्कार कुणाला नको असतो?

आता आणखी दोन माणसे सांगतो. पहिली बयाबाई. कुसगावची. रोज सकाळी डोक्यावर दुधाची घागर घेऊन यायची आणि दुकानाच्या पायरीवर बसायची. माझा चहा तिने जन्मात कधी प्यायला नाही. “चांगलं दूध कडू पान्यात नासवत्यात,” असे ती माझ्या तोंडावर म्हणे. दुसरा चाँदभाई टांगेवाला. साहेब लोकांना दऱ्या दाखवायला नेणारा. त्याला इंग्रजी येई ती टांग्यापुरती: डावीकडे, उजवीकडे, खाली बघू नका. मराठी आणि हिंदी मात्र तो घोड्यालाही पटेल अशी बोले. मेहेरबान मराठी शिकला तो या दोघांकडून. फक्त स्त्रीलिंग आणि पुल्लिंग यांच्या भानगडीत तो शेवटपर्यंत पडला नाही.

तिकडे इराणात मोठे नवल घडले होते. लोकांनी बादशहाशी झगडून एक सभा उघडली होती. लोकांनी निवडलेली माणसे तिथे बसत आणि राज्यकारभाराचा जाब विचारत. त्या सभेला त्यांच्या भाषेत मजलिस म्हणतात. धाकटा शेरियार तिथे कारकून लागला. दर महिन्याला त्याचे पत्र येई. मेहेरबान ते माझ्याशेजारी बसून मोठ्याने वाचे, आणि वाचताना त्याचा आवाज सणासुदीचा होई.

१९११ सालच्या थंडीत पत्र आले नाही. आली ती मुंबईच्या इराणी मंडळींकडून बातमी. रशियाने फौज घुसवून धमकी दिली आणि तेहरानची मजलिस बंद पाडली. काही माणसे धरली, काही पळाली, शेरियारचा पत्ता नाही. मेहेरबान उठला, डोळे पुसले आणि त्याची नजर माझ्या छातीवर गेली. दोन तोंडांचा गरुड!

मित्रांनो, त्या दिवशी मी परसात कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी पडलो. तोंड भिंतीकडे. दुकानात रशियाचे काही चालणार नाही, असे मेहेरबानने जाहीर केले आणि पातेल्यात चहा उकळू लागला. त्या चहाबद्दल मी वाईट बोलणार नाही, गिऱ्हाइके पुष्कळ बोलली. आठ दिवस मी कोंबड्यांत काढले. एक पांढरी कोंबडी माझ्या झाकणावर बसू लागली तेव्हा मात्र मला रडू आले.

शेवटी चाँदभाईने तोड काढली. “शेट, फेकून काय देता? रशियाचा हाय ना? मग कैदी करा त्याला. सक्तमजुरी द्या. दिसभर उकळू द्या लेकाला.”

मेहेरबानला हे पटले. त्याने मला आत आणले, टांग्याची जुनी साखळी माझ्या कानांतून ओवली आणि टेबलाच्या पायाला बांधली. असा मी लोणावळ्यातला पहिला युद्धकैदी झालो. युद्ध कुणाशी, हे मात्र कुणी सांगितले नाही. येणाराजाणारा मला दटावून चहा पिई. पण मला त्याचे काही वाटले नाही, कारण मेहेरबान रात्रंदिवस भावाच्या काळजीने झुरत होता आणि त्याच्यापुढे माझी साखळी काय मोठी?

अशात मुंबईच्या त्याच मंडळींचे पत्र आले. लंडनच्या पार्लमेंटात बसणारा एक साहेब दहा दिवस लोणावळ्याला हवा खायला येणार होता. इंग्रजांनी रशियाला दोन शब्द सुनावले तर मजलिस पुन्हा उघडेल, पकडलेले कारकून सुटतील. म्हणून त्याच्या हाती अर्ज द्यावा, आणि अर्जावर नुसत्या इराण्यांच्या नव्हे, इथल्या रयतेच्याही सह्या असाव्यात, असे मंडळींचे म्हणणे.

अर्ज लिहायला मेहेरबान वडगावच्या कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनविसाकडे गेला. चाँदभाई बरोबर होता, त्याने परत आल्यावर सगळे साग्रसंगीत सांगितले. अर्जनविसाने सवयीने वर ‘मेहेरबान साहेब यांचे सेवेशी’ लिहिले आणि विचारले, अर्जदाराचे नाव? “मेहेरबान.” अर्जनविसाने चष्मा कपाळावर चढवला. “अहो, मेहेरबान वर झालं. खाली कोण?” “मेहेरबान.” “म्हणजे स्वतःच स्वतःला अर्ज करताय? मग कागद कशाला, घरीच सांगा की!” अर्ध्या तासाने उलगडा झाला. त्याखाली त्याने इंग्रजीतही मजकूर लिहून दिला, मोठी अक्षरे काढून.

मग सुरू झाला अंगठ्यांचा धडाका. मेहेरबान शाईची डबी घेऊन गिऱ्हाइकांना कळवळून सांगे, “रशियावाला आमचा मजलिस बंद केला. ते परत चालू करायला पायजे. माझी भाऊ तितं अडकली हाय. अंगठा द्या.” आणि लोक ऐकताच हळहळत. मला वाटले, मावळची माणसे किती समजूतदार! राज्यकारभारातले त्यांना किती कळते!

कळत काहीच नव्हते. मराठीत मजलस म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. ढोलकी, तुणतुणे, पानाचा डबा आणि गाणे! मावळच्या लोकांनी समजूत करून घेतली ती अशी की मेहेरबानशेठचा भाऊ इराणात गाण्याच्या बैठकीत वाजवायला असतो आणि ती रंगात आलेली बैठक कुण्या रशियावाल्याने उधळून लावली. यासारखे पाप नाही. कुसगावातून अंगठे आले, वळवणातून आले, कामशेतच्या भात बाजारातून तर रांग लागली. तिथल्या हौशीराम ढोलकीवाल्याने डोळ्यांत पाणी आणून दोन्ही हातांचे अंगठे उठवले. मागच्या जत्रेत त्याचीही बैठक फौजदाराने मध्येच उठवली होती. “शेट,” तो म्हणाला, “ह्यो अन्याव मला ठावं हाय. सायेब येईल त्या दिशी आमी समदे हाजीर राहू.” मेहेरबान त्याच्या गळ्यात पडला. बयाबाईनेही अंगठा दिला. “भावासाटी देते,” म्हणाली. “गाण्याबिन्याचं मला काय न्हाई.”

रविवार उजाडला. मेहेरबानने मला चिंच लावून घासले. शिक्का झाकावा की उघडा ठेवावा, यावर त्याचे ठरेना, शेवटी साखळी तेवढी घट्ट केली. चाँदभाईने साहेबाला दरी दाखवून आणली आणि टांगा थेट आमच्या दारात उभा केला. साहेब उंच, भला माणूस. गालावर पांढरे कल्ले. त्याने खुर्चीत बसून माझ्याकडे पाहिले, साखळीकडे पाहिले आणि भुवया उंचावल्या.

“रशियन कैदी,” चाँदभाई अदबीने म्हणाला. “सक्तमजुरी.”

साहेब खो खो हसला. मेहेरबानच्या जिवात जीव आला. त्याने अर्ज पुढे ठेवला. साहेबाने तीनशे अंगठ्यांवरून बोट फिरवले, इंग्रजी मजकूर सावकाश वाचला आणि त्याचा चेहरा गंभीर झाला. तो काही बोलणार, इतक्यात ढोलकी कडाडली.

हौशीराम आला होता! फेटा, उपरणे, मागे तुणतुणेवाला, झांजवाला आणि कामशेतचे वीसेक रसिक. त्यांनी खुर्च्या बाजूला सारून फरशीवर सतरंजी अंथरली. मेहेरबान हात हलवून “न्हाई, न्हाई” म्हणत होता, तो त्यांना आग्रहच वाटला. हौशीरामने पहिली थाप दिली आणि माझ्या पोटातले पाणीसुद्धा ठेक्यावर उकळू लागले. साहेबाला वाटले, हा आपला सत्कार. तो बूट आपटून ताल धरू लागला. एका रसिकाने त्याला विडा दिला. त्याने तो कोटाला लावला.

गाणे संपल्यावर हौशीराम घाम पुसत म्हणाला, “झाली का न्हाई मजलस सुरू? आता सायबाला म्हनावं, तिकडची बी उघड.”

मेहेरबान मटकन खाली बसला. साहेबाला काहीतरी चुकल्याचा वास आला असावा. अंगठ्यांकडे बोट दाखवून त्याने विचारले, हे कशासाठी दिले, हे या लोकांना ठाऊक आहे का? मेहेरबानचे इंग्रजी कपबशीपुरते, तरी एवढे त्याला समजले.

तो उठला आणि सतरंजीच्या मधोमध उभा राहिला. आणि मित्रांनो, लिंगवचनाची धूळधाण करत त्या माणसाने जे सांगितले, ते मी विसरलो नाही. “मजलिस गाणा न्हाई. मजलिस म्हंजी मोटी खोली. गावागावाचा माणूस तितं बसते. राजाला विचारते, पट्टी का वाढली? पैका कुटं गेली? माझा पोरगा का धरली? राजाला सांगायला लागते. गप बसता येत न्हाई.”

हौशीरामने ढोलकी मांडीवरून खाली ठेवली.

“राजाला इचारत्यात?” पायरीवरून बयाबाई म्हणाली. “तोंडावर?”

“तोंडावर, मावशी.”

“आन् त्यो सांगतो?”

“सांगते.”

साहेबाला एवढे कळले की लोकांना आता खरा अर्थ उमगला. तो खूश झाला. त्याने अर्जाची घडी केली आणि कोटाच्या आतल्या खिशात घातली. मी स्वतः पाहिले. मेहेरबानने दोन्ही हात छातीवर ठेवले. भाऊ जणू गाडीतून उतरतच होता.

तेवढ्यात बयाबाई घागर बाजूला ठेवून उभी राहिली. पदर सावरला आणि सरळ साहेबाकडे बघून म्हणाली, “मग सायेब, आमची कुटं हाय?”

साहेबाने चाँदभाईकडे पाहिले. काय म्हणते ही बाई? चाँदभाई टांगेवाला, दरीच्या कडेवरून घोडा वळवणारा. त्याने प्रश्नही क्षणात वळवला. “म्हणते, चहा फार छान आहे,” त्याने साहेबाच्या भाषेत सांगितले. साहेब हसून मान डोलावू लागला. सगळे सुखरूप पार पडले होते.

पण बयाबाई खाली बसली नाही. “काय म्हनला सायेब?” तिने मेहेरबानला विचारले. “उत्तर दिलं का?”

मेहेरबानने तिच्याकडे पाहिले. मग साहेबाच्या कोटाच्या खिशाकडे पाहिले. त्याच्या कपाळावरची शीर मला टेबलावरून दिसत होती. मला ओरडून सांगावेसे वाटले, बाबा रे, गप्प बस, भाऊ त्या खिशात आहे. पण समोवाराला फक्त सूं सूं करता येते. मी ते जिवाच्या आकांताने केले.

“साहेब,” मेहेरबान मोडक्या इंग्रजीत म्हणाला, “ती चहा पीत नाही. ती विचारते, तिची पार्लमेंट कुठे आहे?”

साहेबाचे कल्ले पांढरेच राहिले, बाकीचा चेहरा लाल झाला. त्याने कपातला चहा बघितला, छत बघितले, मला बघितले. मग लोणावळ्याची हवा उत्तम आहे, असे म्हणून तो उठला. खिशातला अर्ज काढून त्याने हळूच बशीशेजारी ठेवला आणि टांग्यात जाऊन बसला. विडा कोटालाच राहिला.

काय झाले ते कळायला बयाबाईला वेळ लागला नाही. “माज्या तोंडाला आग लागो,” ती रडू लागली. “तुमचा भाऊ, शेट! माज्यापायी!”

“न्हाई मावशी,” मेहेरबान म्हणाला. “माझा भाऊ तितं काय करते? लोक विचारते, ते लिवून घेते. तेवढाच त्याचा काम. तुमी विचारली आन् मी दाबली असती, तर शेरियारला तोंड काय दाखवू?”

दुसऱ्या दिवशी त्याने अर्ज टपालाने लंडनला धाडला. चार महिन्यांनी छापील चिठ्ठी आली: आपला अर्ज पोचला. एवढेच. पण कामशेतला ‘पोचला’ या शब्दाचा असा डंका वाजला की हौशीरामने वाजवून वाजवून ढोलकीची कातडी पुडी फोडली. मेहेरबान मात्र दर गाडीला स्टेशनावर जाऊन उभा राही आणि एकटाच परत येई. त्या दिवसांत त्याने मला दोनदा बिनपाण्याचे पेटवले. माझ्या बुडाला अजून डाग आहे.

भादव्यात, मावळातले भात पोटरीत आले होते तेव्हा, सकाळच्या गाडीतून एक हाडकुळा माणूस उतरला. काखेत बोचके, पायांत दोन वेगळे जोडे. मेहेरबान फलाटावर गेला नव्हता, कारण त्या दिवशी त्याला ताप होता. माणूस दुकानाच्या दारात उभा राहिला आणि मला ओळखून हसला. गालिचे नेणाऱ्या तांड्यात लपून, बसऱ्याहून बोटीने, शेरियार आला होता. दोघे भाऊ किती वेळ रडले हे मी सांगणार नाही. बयाबाईने घागरीतले सगळे दूध शेरियारपुढे ओतले आणि त्या दिवशी लोणावळ्यात कुणाला दुधाचा चहा मिळाला नाही. तीनशे अंगठ्यांनी ओढून आणला, असे कामशेतकर आजही सांगतात. मी वाद घातला नाही. माझी साखळी त्याच संध्याकाळी सुटली.

शेरियारने सगळी हकिकत ऐकली, दोनदा ऐकली. मग बोचक्यातून त्याने आपला बोरू आणि मजलिसच्या छापाचा एक कोरा कागद काढला. पळताना माणसे सोनेनाणे घेतात, याने कागद घेतले होते. तो पायरीवर बयाबाईसमोर बसला आणि भावाकरवी म्हणाला, पुन्हा एकदा विचारा.

“आमची कुटं हाय?” ती संकोचून म्हणाली.

त्याने ते फारसीत लिहिले. विचारणार: बयाबाई. गाव: कुसगाव. तारीख. मग खाली बरीच जागा मोकळी सोडून रेघ मारली. मेहेरबानने सांगितले, ही जागा उत्तराची. शेरियारच्या कचेरीत तशी रीत आहे. उत्तर येईपर्यंत कागद फाडायचा नाही.

कागद माझ्या वरच्या भिंतीला लागला. बयाबाईला वाचता येत नव्हते, पण कोरी जागा कुणालाही कळते. रोज दूध घातले की ती मान वर करून विचारी, “आलं का?” मेहेरबान म्हणे, “अजून न्हाई, मावशी.” तेहरानची मजलिस दोन वर्षांनी उघडली, पुन्हा मिटली, पुन्हा उघडली. आमच्या भिंतीवर काही फरक नाही. सदतीस साली निवडणूक होऊन मुंबईत आपल्या माणसांचे सरकार बसले तेव्हा चाँदभाई काठी टेकत आला आणि म्हणाला, आता लिहा, आले उत्तर. म्हातारी झालेली बयाबाई म्हणाली, “थांबा, घाई कशाला?” दोन वर्षांत ते सरकार राजीनामा देऊन घरी गेले. तिचा अंदाज बरोबर निघाला, याचा तिला मुळीच आनंद झाला नाही. त्याच वर्षी ती गेली.

आता पंचेचाळीस साल उजाडले, मीही म्हातारा झालो आहे. तोटी गळते. नव्या स्टोव्हमुळे मला कुणी पेटवत नाही, पितळ काळे पडले आहे आणि माझ्या नळीत कुणीतरी छत्री ठेवते. मित्रांनो, कधी आलात तर मला चिंच लावून घासा, मला बरे वाटेल. नाही घासलेत तरी मी रागावणार नाही. पण भिंतीवरचा तो पिवळा पडलेला कागद काढू नका. त्या कोऱ्या जागेत गंमत म्हणून चित्र काढू नका, पेन चालते का ते बघू नका. दूध आता बयाबाईची सून शालूबाई घालते. तीही चहा पीत नाही. घागर रिकामी झाली की ती मान वर करते आणि मेहेरबानला विचारते.

“अजून न्हाई,” तो म्हणतो, आणि तिच्यासाठी दार धरून उभा राहतो.